वखारीतली पंगत

आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, भिंतीला खिळा नको,
आत चूल नको, धूर तर नकोच नको.
चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून
वर्षभर गिलावा केलाय, अजून पुरता वाळला नाही.
मी मान डोलावली.
चुन्याला गूळ किती लागतो ते मला ठाऊक नाही,
चारशे पानांच्या जिलबीला साखर किती, ते विचारा.

भट्ट्या मागच्या अंगणात मांडल्या,
पूर्वी जिथं हळदीच्या गाड्या सुटायच्या.
तिथंच माझा बाप, येसबा हमाल,
आकडी कमरेला खोचून पोत्यावर निजायचा.
हे मी कुणाला बोलले नाही. कंत्राटात तसा रकाना नव्हता.

मुलगी मगदूमांची.
मुलगा तासगावचा, त्यांच्याकडं
लसणाशिवायचं जेवण म्हणजे घरात कुणीतरी आजारी.
मुहूर्त गोरज,
आणि मगदूमांची माणसं सूर्य बुडायच्या आत जेवणार.
म्हणजे अक्षता पडायच्या आधीच
लग्नाची पहिली पंगत!
कांदा नको, बटाटा नको, वांगं नको.
कृष्णाकाठच्या वांग्यांची पाटी
रुसलेल्या व्याह्यासारखी कोपऱ्यात बसून राहिली.
"आणि हळद?" मी आदगोंडाकाकांना विचारलं.
"ओली नको. वाळलेली चालती."

पावणेसहाला पानं मांडली.
मीठ, लिंबू, कोशिंबीर,
मग पांढऱ्या भाताच्या मुदी, एकीला एक लागून.
वरण, कढी, मसालेभाताची पातेली
एकदम आत आली आणि वाफ उठली
ती थेट वर, सागवानी तुळयांपर्यंत.
नेमकी तेव्हाच बाहेर हलगी कडाडली.

तिरप्या उन्हात ती मला आधी दिसली.
सावकाश,
पिठाहून हलकी,
एवढ्या वर्षांची तुळयांवर बसलेली,
खाली उतरायला कुणी बोलावलंय अशी.
मग वाढप्यांना दिसली. मग पानांना.
पांढऱ्या मुदी पिवळ्या झाल्या,
मोठ्या जावेचा मोतिया शालू खांद्यावर पिवळा,
मॅनेजर पोरगा कानातलं यंत्र काढून म्हणाला,
"तीनदा व्हॅक्यूम मारलाय हो मावशी, शपथ!"

दोनशे हात पानावर थांबलेले.
घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं.
आता नवीन भात लावला तर सूर्य थांबणार नव्हता.
आदगोंडाकाकांनी मुदीवरची चिमूट उचलली,
बोटांत चोळली, नाकाशी नेली.
हळद बाजारात चाळीस वर्षं अडत केलेली बोटं ती.
"राजापुरी," म्हणाले.
मग जरा थांबून,
"वाळलेलीच हाय की. वाढा."

हसू पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं,
तूप घेऊन वाढपी मागोमाग.
मी खांबाआड उभी राहिले.
आमच्या घरी रोजच हळद होती,
लग्न मात्र क्वचित.
आई बापाचा सदरा साबणात घालायची
आणि बादलीतलं पाणी लालभडक व्हायचं.
मला वाटायचं, याला रोज कुठं लागतं?

सहा चाळीसला पानं उचलली.
सहा अठ्ठेचाळीसला अक्षता पडल्या.
तासगावकरांनी वांग्यांचा फडशा पाडला,
रात्री दीडला आम्ही पातेली घासत होतो.

चौथ्या दिवशी आर्किटेक्ट बाईंचा फोन.
"भिंतीवर लाल ठिपके कसले?
रस्सा उडवलात का? डिपॉझिट अडकलंय तुमचं."
मी म्हटलं, रस्सा नव्हे, बाई.
चुना तुमचाच, ओला. हळद वरची.
दोन्ही भेटली की काय होतं
ते तुमच्या कॉलेजात शिकवत नसतील,
पण कपाळाला लावता त्या कुंकवाला विचारा.

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
डिपॉझिट अजून आलेलं नाही.
पुढच्या महिन्यात तिथंच साडेतीनशे पानांची ऑर्डर आहे,
भट्ट्या मागच्या अंगणातच.