उजेड ढकलतो

रात्रीचे आठ, तरी पत्रा तापलेलाच.
नळाला पाणी परवा.
लास्यानं मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला,
म्हणाली, ताता, बसा की जरा,
तुमच्या कामाचा पिक्चर आहे.

कामाचा कसला. कार्टून ते.
मैलभर शिडाचं जहाज, ताऱ्यांमधून चाललेलं,
आत झोपलेली माणसं,
आणि बाहेर एकटं यंत्र, सहा हातांचं,
शिडाचे तुटलेले धागे जोडत. तीनशे वर्षं.
पाळी संपली की रोज एवढंच बोलायचं:
तुटलं होतं. जोडलं. कुणी आहे का तिकडं?
तिकडून नुसती खरखर.

मी म्हटलं, गाठ चुकीची मारली यांनी.
असली गाठ फणीत अडकते, पुन्हा तुटते.
लास्या हसली.

मार्कंडेयाच्या देवळात मी जात नाही, अकरा वर्षं झाली.
त्या पोराला सोळाच वर्षं लिहिलेली,
त्यानं पिंडीला मिठी मारली, यम परत गेला.
आमच्या वेणूलाही सोळावंच होतं.
सिव्हिलच्या कॉटची लोखंडी पट्टी
त्यानं किती घट्ट धरलेली.
कुणी परत गेलं नाही.
नारळी पौर्णिमेला रथ गल्लीत येतो तेव्हा
मी आतून कडी लावतो.

तर, पिक्चरात यंत्राचा एकेक हात जळत गेला.
शेवटी एकच उरला. एका हातानं गाठ कशी मारणार?
त्यानं धाग्याचं टोक जबड्याच्या फटीत धरलं.
हे मात्र बरोबर. आम्हीही दातातच धरतो.
आणि शीड फुगलं.

वारा नाही तिथं, मग कशानं फुगलं गं?
उजेडानं, ताता. उजेड ढकलतो.
खरंच. बाईंनी सांगितलंय शाळेत.

उत्तर शेवटपर्यंत आलंच नाही त्याला.
मला वाटलं होतं कुणीतरी बोलेल,
असल्या पिक्चरात बोलतात.
जहाज फक्त पुढं गेलं. एवढंसं.

रात्रपाळीला चार नंबरचा माग थांबला.
चादरीवरचा मोर गळ्यापर्यंत आलेला, ताण्याचा धागा गेलेला.
ट्यूबलाइटखाली वाकलो, टोकं जुळवली, थुंकी लावून पिळली.
माग सुरू केला आणि त्या खडखडाटात
माझं मलाही ऐकू येऊ नये असं म्हणालो,
तुटलं होतं. जोडलं.
पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं
तर वेणूचं नाव आलं.
चाळीस मागांच्या आवाजात दोनदा आलं.

सकाळी घरी जाताना वळण चुकलं.
मुद्दाम नाही.
देऊळ नुकतंच उघडलेलं, एक बाई पायऱ्या धूत होती.
आत गेलो नाही. खालच्या पायरीवर बसलो,
अंगावर सुताची पिंज तशीच.
ऊन पाठीवर आलं.
मी जरासा पुढं सरकलो.
बाई म्हणाली, अजून सरका,
पाणी टाकतेय.