दोनशे सतरा

रेसिडेन्सीच्या वळणावर तो शिरीष होता.
कंबरेला गेरू, गेरूच्या वर
पिवळ्या ऑइलपेंटनं २१७.
निगमच्या फॉर्मवर त्याची एक ओळ:
झाड – एक. उपयोग – जळाऊ.

ओखदे मॅडमनी मला सकाळी सहाला पाठवलं
भाजीची सुरी आणि लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं देऊन.
"उत्तरेकडची साल घे, निरुपमा, तिथली ओल उशिरा जाते.
आणि खरवडू नकोस. खपली निघते तशी निघू दे."

चहावाला बघत राहिला. "दवाई बनती है क्या इसकी?"
मी म्हटलं, जनगणना.
तो हसला.
खरं तर मलाही हसूच येत होतं.

काचेची बशी, खाली ओला टिपकागद,
वर नखाएवढी साल. नऊ दिवस.
दहाव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली,
कुणीही काजळाचा डाग म्हणून पुसलं असतं
ते उलगडत गेलं:
तुटक्या मण्यांच्या माळा,
आडव्याउभ्या भिंती घातलेली मुद्गलं,
एक पोटाशी फुगलेलं, करंजी बिघडावी तसं,
एक चार शिंगांचं,
आणि एक असं,
की मॅडम त्याच्यावर बराच वेळ डोळा लावून बसल्या
आणि वहीत पेन्सिलीनं लिहिलं: माहीत नाही.
इतक्या आनंदानं ते दोन शब्द लिहिताना
मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

दुपारपर्यंत तेवीस झाले. डबे तसेच.
एका खपलीत तेवीस बिऱ्हाडं,
कुणी मेलेली साल खाणारं,
कुणी त्या खाणाऱ्याला खाणारं.

शिरीष बुधवारी पडला.
मी छावणीतल्या वखारीत जाऊन आले.
ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांवर
निळसर झाक चढली होती.
"रंग पकड़ लिया, माल गया," गजानंद म्हणाला.
मी बोट लावून पाहिलं.
हे सालीवर नव्हतं.
हे साल उघडायची वाट बघत कुठंतरी बसलेलं.
चोवीस, मी मनात म्हटलं, आणि त्याला सांगितलं नाही.

मॅडम आता नाहीत.
पाकीट माझ्या कपाटात आहे,
'चि. सौ. कां.'च्या खाली पेन्सिलीनं: २१७-उ.
परवा, तीन वर्षांनी, त्यातलं चिमूटभर भिजवलं.

आज कडेला काजळ धरतंय.
वही काढली.
फॉर्मवरच्या त्या 'एक'चं काय करायचं
ते अजून सुचलेलं नाही.