मोठी कडी

डिलनच्या दुकानात, काउंटरवरच्या हिरव्या फेल्टवर
लोर्ना ट्वेट नवी रायफल आडवी ठेवते.
व्हर्लिन लगेच हात लावत नाही. नाकानं सुरुवात करतो:
लाकूड अक्रोडाचंच, पण वास वार्निशचा.
मग जोडावरून नख फिरवतो. नख अडकत नाही.
"हं," म्हणतो. याहून जास्त स्तुती
त्यानं बायकोचीही केली नव्हती.

नळीच्या टोकाला आटे कशाला?
एल्कला काय कानात सांगून मारायचं?
आणि हे सेफ्टीचं बटण.
बापाच्या रायफलीला असलं काही नव्हतं;
घोडा अर्ध्यावर ठेवायचा
आणि अक्कल पूर्ण.

लोर्ना हिशेबाच्या वहीत बघत राहते.
गिऱ्हाईक नावं ठेवतंय
तोवर गेलेलं नाही.

शेवटी उचलतो. तरफ खाली, तरफ वर.
तेल घातलेल्या कुलपात किल्ली फिरावी, तेवढाच आवाज.
पुन्हा.
तिसऱ्यांदा मात्र हातमोजा चढवून.
एका हिवाळ्यानं दोन बोटं नेली,
उरलेली वाकडी ठेवली;
जुन्या कडीत ती मोज्यासकट
कधी शिरलीच नाहीत.
इथे शिरतात.

"महाग आहे," तो म्हणतो,
आणि खाली ठेवत नाही.
बाहेर ट्रकमध्ये कुत्रा भुंकतोय केव्हाचा.