घट

बुधवारी रात्री, बातम्या संपल्या की
फ्रिजच्या दारातून पेन काढते.
अंड्यांच्या शेजारी असतं ते.
विद्याधरने वर चिकटपट्टी लावून लिहिलंय : खाऊ नये.
विनोद त्याला एवढाच जमतो.

गेल्या आठवड्यात बेंबीच्या डावीकडे, म्हणून आज उजवीकडे.
चिमटीत पोट धरायचं, दहापर्यंत मोजायचं.
पूर्वी चिमटीत मावायचं नाही.

पहिला महिना करपट ढेकरांचा.
ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून उलटी केली,
प्रतीक्षाने बाहेरून विचारलं, "मॅडम, गोड बातमी?"
एकावन्नाव्या वर्षी!
हसताना पुन्हा उमळून आलं.

मग एके दिवशी चार वाजले
आणि कुणी हाक मारली नाही.

म्हणजे असं, की चाळीस वर्षं चार वाजता
माझ्या डोक्यात कुणीतरी डब्यांची झाकणं उघडायचं.
चिवडा संपला का, नारळाची वडी उरलीय का,
खाली कोपऱ्यावर कचोरीचा घाणा निघाला असेल.
जेवतानाही पुढच्या जेवणाची बोलणी चालू.
मला वाटायचं, हे सगळ्यांच्याच डोक्यात चालतं,
बाकीच्यांना ते गप्प करता येतं,
मलाच येत नाही.
मी त्याला स्वभाव म्हणायचे. आई हावरटपणा म्हणायची.

आई. सोळा सोमवार, संकष्ट्या, चातुर्मास.
भुकेला तिने जन्मभर उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं
आणि त्या जोरावर आम्हा सगळ्यांना दमात.
मला एकही उपास धड निभला नाही,
साबुदाण्याच्याच तीन वाट्या व्हायच्या.
आता महिन्याला चौदा हजार मोजून
केसाएवढ्या सुईतून
आईचा निग्रह आत सोडते, थंडगार.
याचं पुण्य लागत असेल का?
पावती तर मिळते.

सिटीलाईटच्या बाजारात जानकी म्हणाली,
"बाय, दोनच तुकड्या? घरान कोनी नाय का?"
मी म्हटलं, डाएट गं.
तिने सुरमईकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि जिची कीव करायची तिची केली.
घरी कालवण केलं. मीठ बरोबर, कोकम बरोबर,
सगळं बरोबर होतं.
ताटावर बसले आणि
शाळेतल्या मैत्रिणीचं आडनाव ओठांवर असून आठवू नये
तसं झालं.

सगळ्यांना सांगते, चालते. शिवाजी पार्क, पाच फेऱ्या.
तळपदे वहिनीही चालतात म्हणे.
परवा केमिस्टकडे भेटलो.
त्यांच्या हातात बर्फाची निळी पिशवी, माझ्याही.
"गुडघा," त्या म्हणाल्या.
"खांदा," मी म्हटलं.

आईच्या पाटल्या भांडी घासताना
मनगटावरून निसटायला लागल्या, तेव्हा सोनाराकडे नेल्या.
त्याने कापून, डाग देऊन मापात बसवल्या.
कापलेला तुकडा तागडीत टाकला,
दीड ग्रॅम, त्यातून घट वजा,
आणि गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून दिला.
"मोजून घ्या ताई. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला."

माझे बावीस किलो गेले.
त्यांची पुडी कुणी दिली नाही.
बारशाचे पेढे होते त्यात, बाबांच्या तेराव्याची बुंदी,
मध्यरात्री ओट्याशी उभ्याने खाल्लेला फोडणीचा भात
कुणावर तरी चिडून. कुणावर, तेही गेलं.

डॉक्टर म्हणतात, बंद केलं तर परत येईल.
वजन म्हणायचं असतं त्यांना.

हल्ली चार वाजता चहाबरोबर
बशीत एक खारी काढून ठेवते.
खात नाही.
विद्याधर विचारतो, कुणासाठी?
असू दे, म्हणते.