दुसऱ्या गिअरमध्ये

अठराशे पौंड. वर विमा, रस्त्याचा कर,
आणि दरवर्षीची ती तपासणी, जिच्या नुसत्या नावाने
जुन्या गाडीवाल्यांच्या पोटात गोळा येतो.
श्रीरंगने गॅसबिलाच्या पाकिटामागे सगळं मांडलं,
खाली दोन रेघा मारल्या
आणि म्हणाला, बस परवडते.

बस परवडते, खरं आहे.
फक्त ती येत नाही.
पहाटे पाच चाळीसला, शेफील्डच्या या उतारावर,
थांब्यावरचा फलक म्हणतो तीन मिनिटं,
मग पुन्हा तीन मिनिटं,
मग काहीच म्हणत नाही.
वॉर्डातली रात्रपाळीची पोर तोवर कोट चढवून
माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली.
हे पाकिटामागे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शनिवारी गाडी पाहायला गेलो.
फिकट हिरवी, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी,
आणि एवढीशी, की श्रीरंग तिच्याभोवती एक चक्कर मारून
हळूच म्हणाला, उरलेली कुठे आहे?
ऑलरनशॉ नावाचे म्हातारे, ऐंशीच्या घरातले.
त्यांनी पुढची सीट ढकलून मागची जागा दाखवली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथे पाय घरीच ठेवून यावे लागतील.
डिकीत तांदळाची दहा किलोची पिशवी मावेल
आणि एक छत्री, तिरकी.
सासूबाई आल्या तर त्या, किंवा त्यांची बॅग.
(हे मी मनातच म्हटलं.)

बायकोची होती, म्हातारे म्हणाले.
अकरा वर्षांत एकोणीस हजार मैल:
लायब्ररी, पोहण्याचा तलाव, बहीण.
शेवटच्या वर्षी फक्त हॉस्पिटल.
कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
कप्प्यात पुदिन्याच्या गोळ्या, पार्किंगची नाणी,
आणि एक पेन्सिल, टोकाला दातांच्या खुणा असलेली.

चालवली मी. म्हातारे शेजारी,
श्रीरंग मागे, गुडघे हनुवटीला टेकवून.
चढ आला तशी ती तिसऱ्यात धापा टाकायला लागली.
आरशात एक व्हॅन, आरसा भरून उरलेली.
"दुसरा टाका," म्हातारे म्हणाले,
"आणि ओरडू द्या तिला.
डोरीन म्हणायची, ओरडते आहे म्हणजे चढते आहे."
टाकला. ओरडली,
शिलाई मशीनवर कुणी जीनचं कापड घालावं तशी,
आणि चढली.
व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला नाही.
सगळं शहर खाली, ओल्या छपरांचं,
आणि माझा घाम कानशिलावरून गळ्यात.

घासाघीस मी केली. दोन टायर गुळगुळीत,
दाराखाली गंज, रेडिओला एकच स्टेशन सापडतं.
सोळाशे, मी म्हटलं.
अठराशे.
सतराशे?
अठराशे, म्हणाले, आणि आत जाऊन
बर्फ उपसायचं फावडं घेऊन आले,
डिकीत ठेवलं,
तांदळाच्या जागेवर.
सांगते, म्हणाले नि निघालो. त्यांनी फावडं परत काढलं नाही.

घरी बसने आलो.
नेमकी वेळेवर आली, मेली.
श्रीरंगने खिशातून पाकीट काढलं.
दोन रेघांच्या खाली बोटभर जागा होती,
तिथे त्याने लिहिलं, फावडं,
आणि पुढे आकडा काही घातला नाही.
गुडघे चोळत बसला.

सोमवारी पाच चाळीसला फलक म्हणाला तीन मिनिटं.
मी म्हाताऱ्यांचा नंबर लावला,
मग घड्याळ पाहिलं, जीभ चावली, कापला.
पलीकडच्या घरात एक दिवा लागला, विझला.
फलक म्हणाला तीन मिनिटं.
तेवढ्यात फोन वाजला.
ते जागेच होते.
"अठराशेच," म्हणाले,
गुड मॉर्निंगच्या आधी.