सातापर्यंत

कालिम्नोसच्या धक्क्यामागे, दुसऱ्या मजल्यावर,
साकेलारिस अंक शिकतो आहे.
वय एक्याऐंशी.
झटका आला त्या पहाटेपासून
उजवा हात आणि आकडे
दोन्ही जड झालेत.

एव्दोक्सिया मंगळवारी येते.
तिथे त्या वाराचं नावच 'तिसरा'.
तो त्याला म्हणतो, 'ती येते तो'.

"नातवंडं किती तुम्हाला?"
त्याला ठाऊक आहे. चेहरे दिसतात,
धाकटीचा पडलेला दातसुद्धा.
फक्त शब्द येत नाही.
मग तो तळापासून चढतो:
एना, दीओ, त्रिया, तेसेरा,
पेंदे, एक्सी,
एफ्ता.
आणि थांबतो,
दोरीची गाठ हाताला लागावी तसा.

स्पंज काढायला उतरायचा तेव्हा
वर होडीत त्याचा भाऊ थेमेलिस
हवेची नळी सोडायचा, मोठ्याने एकेक वाव मोजत.
पाण्याखाली काही ऐकू येत नसे.
तरी हा खाली त्याच्यासोबत मोजायचा.

आठ मात्र सुटा कधीच येत नाही.
पण समोरच्या गच्चीत, चड्डी-बनियनांशेजारी
वाळत घातलेलं ते आठ पायांचं जनावर दिसलं
की पटकन म्हणतो, "ख्तापोदी!"
ती हसते.
आठ त्यात लपून बसलाय,
पुढचा 'ओ' कुठेतरी पाडून आलेला.

मग ती सांगते,
तुमच्या सातालाही एकदा झटका आला होता.
फार पूर्वी तो 'स'ने सुरू व्हायचा.
'स'चा झाला 'ह', नुसता उच्छ्वास.
पुढे तेवढीही तसदी कुणी घेईना.
तोंडचं अक्षर गेलं,
शब्द मोजत राहिला.

(हे लिहिताना माझ्या जिभेखाली 'सात' हलला.
आमच्याकडे 'स' शाबूत, 'प' नाही.
एकाच घरातून निघालेले दोघे;
कुणी काय उंबऱ्यावर ठेवलं,
आता कुणाला विचारणार.)

साकेलारिस ऐकून घेतो.
तोंड उघडतो. हवा येते:
ह्...
हसला, की आणखी काही,
एव्दोक्सिया वहीत लिहीत नाही.

संध्याकाळी कालिरोई विचारते,
"बटाटे किती सोलू?"
तेल तापलंय.
ती सुरी हातात धरून उभी राहते.
त्याचे ओठ हलताहेत,
तो अजून तीनावर आहे.