आला की आली

डॉक्टर पसरलय फॉर्मवर पेन टेकवून विचारतात,
"राघय, का राघला?"
आला, का आली?
म्हातारी माझ्या तोंडाकडे बघते.
ती एवढंच म्हणाली आहे: ऊ केलिब्दी.
खानाबादच्या दवाखान्यात रात्रीचे दोन,
जनरेटर खोकतोय,
आणि मी, गोळ्या मोजणारा माणूस,
दोघांच्या मधल्या फळीवर.

ऊ.
तो नाही, ती नाही, ते तर नाहीच.
माझ्या आईच्या उझबेकीत सगळेच या एका अक्षरात मावतात:
नवरा, घोडी, चोरीला गेलेली सायकल,
इराणला कामाला गेलेला मामा.
आत येताना पगडी की ओढणी, कोणी विचारत नाही.

बापाच्या पश्तोत चंद्र बाई आहे, सूर्य बाप्या,
आणि पाणी म्हणजे बायकांचा घोळका,
कधी एकटं म्हणून भेटायचं नाही.

घरी तंदूरपाशी जुंपायची.
बाप म्हणे, मा डोडई वुख्वड़ा.
मी भाकर खाल्ली,
आणि क्रियापद निघालं भाकरीच्या मागे.
खाऊन झाल्यावर खाणाऱ्याला कोण विचारतो!
आई म्हणे, नॉन येदिम.
त्या शेवटच्या म् मध्ये मी आहे,
रुमालाच्या टोकाला बांधलेल्या किल्लीसारखी.
ज्यानं खाल्लं त्यानं कबूल करावं.

बापाचे ट, ड, ण
आई डाळीतल्या खड्यांसारखे निवडून टाकी.
तिचा घशातला क़ ऐकला की बाप म्हणे,
बघा रे, विहिरीत बादली पडली.
भांडण फारच तापलं की दोघं फारसीत शिरत.
तिथे दोघंही पाहुणे.

आईची भाषा उंटाला उंट बांधत जाते:
उय, घर.
उयलर, घरं.
उयलरिमिझ, आपली घरं.
उयलरिमिझदान,
आणि शेवटच्या उंटावर हे 'दान' लादलं
की कळतं, आपल्या घरांतून
निघालेत सगळे.
तिनं हा शब्द दोनदाच उच्चारला माझ्यासमोर.
दोन्ही वेळा मी सामान बांधत होतो.

हे सगळं डोक्यातून जायला एक श्वास लागतो.
तेवढ्यात म्हातारी पुन्हा:
ऊ यिघ्लमब्दी.
रडलं नाही.
पण नुसतं 'रडलं नाही' नव्हे.
तिनं डोळ्यांनी पाहिलं असतं तर यिघ्लमदी म्हणाली असती.
ब्दी म्हणजे मी तिथे नव्हते,
मागच्या गल्लीत पाणी आणायला गेले होते,
आल्यावर सुईण म्हणाली.
ब्दी म्हणजे दार पुरतं लावलेलं नाही.

पश्तोत हे कसं नेऊ?
"रडलं नाही, म्हणतात," असं काहीतरी मी जुळवतो.
"कोण म्हणतात? रडला नाही, का रडली नाही?
आणि आहे कुठे?"

म्हातारी चपानची गाठ सोडते.
आत, कापसाच्या अस्तराला चिकटलेलं,
निळसर.

पेन खाली पडतं.
डॉक्टरांची दोन बोटं, एक नळी, टॉवेल.
पाठ चोळतात, तळवे चोळतात,
कंदाहारकडची एक शिवी हासडतात,
जी मला भाषांतरित करायची नसते.
जनरेटरही थांबल्यासारखा वाटतो.

मग मांजराच्या पिल्लानं दाराची कड ओरबाडावी
तसा आवाज.

"यिघ्लदी," म्हातारी म्हणते.
दी. ब्दी नाही.
आता ती साक्षीदार आहे.

डॉक्टर घाम पुसून फॉर्म पुढे ओढतात. नाव?
"उघिलोय."
उघिल म्हणजे मुलगा, मी सांगतो,
आणि ते घाईनं 'तो' लिहून टाकतात.
थांबा, साहेब. ओय म्हणजे चंद्र.
पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून
मुलीला ठेवतात हे नाव.
आणि चंद्र, तुमच्याकडे...
"बाई," डॉक्टर पुटपुटतात.
दुसरा फॉर्म शिल्लक नाही.
खोडलेल्या 'तो'च्या डोक्यावर ते 'ती' बसवतात.

काय लिहिलं, म्हातारी विचारते.
मी सांगतो:
ऊ केल्दी.